मांजरीच्या नावाने घेतलेलं व्रत

परवा नातवाच्या कुत्र्याला घेऊन जनावरांच्या दवाखान्यात बसले होते. बसले होते म्हणजे बसवलं होतं. सून गाडी लावायला जागा शोधत होती आणि कुत्रा माझ्या चपला चाटत होता. समोरच्या भिंतीवर एक रंगीत तक्ता टांगलेला. कुत्र्यामांजरांच्या आजाराची लक्षणं: सुस्त पडून राहणं, खेळावंसं न वाटणं, एकाच जागी टक लावून बसणं, उडी मारायचं टाळणं, खाण्यावरची वासना उडणं, डोळ्यांत फरक दिसणं, भिंतीला धरून चालणं. खाली ठळक अक्षरांत, यातलं एक जरी दिसलं तरी ताबडतोब डॉक्टरांना दाखवा. मी तो तक्ता दोनदा वाचला आणि मला हसू फुटलं. आमच्या जळगावच्या घरात ही सगळी लक्षणं एकाच मांजरीत प्रकट झाली होती, आणि डॉक्टरला दाखवायचं सोडून आम्ही तिच्या दर्शनाला लोक बोलावले होते.

आमचं घर आणि आमची डाळीची गिरणी यांच्यामध्ये एक भिंत आणि एक दार, एवढंच अंतर होतं. सकाळी गिरणी सुरू झाली की मांडणीवरची भांडी हलकी हलकी वाजायला लागत आणि संध्याकाळपर्यंत वाजत राहत. आम्हाला त्याची इतकी सवय होती की वीज गेली की सगळे बोलता बोलता थांबून एकमेकांकडे बघायचे. तुरीची पिवळी पूड वह्यांवर बसे, पापडाच्या डब्यावर बसे, ओल्या केसांवर बसे. स्वयंपाक आई करायची: फुलके, मुगाच्या डाळीची खिचडी, गट्ट्याची भाजी, आणि तिथीच्या दिवशी हिरवं चालत नसे म्हणून सुक्या मेथीदाण्यांची दाणामेथी. आम्ही जैन, कांदा-लसूण नाही, आणि सूर्य मावळल्यावर तोंडात दाणा नाही. शेजारच्या गल्लीतून भरताच्या वांग्यांचा आणि ठेच्यातल्या लसणाचा वास बरोबर आमच्या न जेवण्याच्या वेळेला येई. घरात आम्ही मारवाडी बोलायचो, गिरणीतल्या बायका अहिराणी बोलायच्या, आणि शाळेत आमच्या बाई सगळ्यांचीच मराठी सुधारायच्या. इथे मी सगळ्यांना मराठीतच बोलायला लावलं आहे, गिरणीतली एक वेणूअक्का सोडून. तिला तेव्हाही कुणी काही करायला लावू शकलं नव्हतं.

घरात बाबूजी, आई, मी आणि भुआजी. भुआजी म्हणजे बाबूजींची थोरली बहीण. तिला धुळ्याला दिली होती. बाविसाव्या वर्षी नवरा गेला आणि ती एक ट्रंक घेऊन परत आली. मला आठवते ती चाळिशीची: फिक्या रंगाची साडी, मोकळे हात, आणि महिन्यातले निम्मे दिवस उपास. आठ-आठ दिवस नुसत्या उकळलेल्या पाण्यावर राहण्याची अठाई तिने कितीदा केली होती याचा हिशेब तिच्यापेक्षा समाजातल्या बायकांना जास्त पाठ होता. बायका म्हणत, तिच्या चेहऱ्यावर तपाचं तेज आहे. आई म्हणायची, जेवली तर आणखी येईल. पण हे ती फुलके लाटताना पोळपाटाला सांगायची.

या भुआजीचा हात जनावरांच्या दुखण्यावर फार चांगला होता. आमच्या आळीतली झाडून सगळी भटकी कुत्री तिची रोगी. कुत्रं नुसतं लांबून येताना बघून ती सांगायची, याच्या कानात घाण झालीय, मान बघ कशी एका बाजूला झटकतोय. दुसरं ढुंगण जमिनीला घासत चाललं की म्हणायची, जंत. मांजराच्या डोळ्याच्या कोपऱ्यातून पांढरा पडदा वर आलेला दिसला की अंगात कसर आहे, नाक कोरडं आणि कान तापलेले तर ताप, गवत खाऊन ओकलं तर घाबरायचं नाही, ओकून पुन्हा खाल्लं नाही तर मात्र घाबरायचं. खरजेला गंधक आणि खोबरेल, जखमेला हळद. उपचारात अडचण एकच होती, की रोग्याइतकीच दया तिला रोगाचीही यायची. जखमेत किडे पडले तर ती ते काडीने एक एक काढून ओल्या शेणावर नेऊन ठेवायची. त्यांनाही जगायचं असतं. गोचिड्या काढून डबीत भरायची आणि मागच्या निंबाखाली सोडायची. दुपारी त्याच निंबाच्या सावलीत आळीतली सगळी कुत्री झोपायची. त्यामुळे तिची प्रॅक्टिस कधी कमी झाली नाही.

मांजर आमच्याकडे आली ती गिरणीच्या वाटेने. काळ्या-पिवळ्या पट्ट्यांची, आखूड शेपटीची, उंदरांवर तुटून पडणारी. गिरणीतल्या बायकांनी तिचं नाव वाघी ठेवलं होतं. बाबूजी पोत्यांमागून तिचा पराक्रम बघायचे आणि मान दुसरीकडे फिरवायचे. उंदीर मारणं हे पाप, पण मांजर पाळणं हे काही पाप नव्हे, अशी त्यांनी मनाशी तडजोड केली होती आणि ती तडजोड दोन वर्षं बिनबोभाट चालली.

मग एका पर्युषणात महासतीजी आमच्याकडे गोचरीला आल्या. पर्युषण म्हणजे आमचे वर्षातले सगळ्यांत पवित्र आठ दिवस, आणि साध्वी न सांगता दारात येऊन आपल्या घरचा घास घेणार म्हणजे त्या दिवसांतलं सगळ्यांत मोठं भाग्य. आई पातेली उघडून उभी, भुआजी हात जोडून उभी, मी तिच्या मागे. महासतीजींनी पात्र पुढे केलं आणि त्याच क्षणी वाघी गिरणीच्या दारातून डौलात आली आणि एक उंदीर, अजून शेपटी हलवणारा, त्यांच्या पावलांपासून वीतभर अंतरावर ठेवून कौतुकाची वाट बघत बसली. तिच्या परीने तिनेही गोचरीच दिली होती. महासतीजी मागे सरकल्या, पात्र झाकलं, आणि काही न घेता परत निघाल्या. दारात थांबून शांतपणे म्हणाल्या, "अजाण जीव आहे. त्याला काय कळतं. आपण जपावं."

एवढंच म्हणाल्या. भुआजीने ते रात्रभर मनात घोळवलं आणि सकाळी स्थानकात, म्हणजे आमच्या प्रार्थनेच्या जागी, गर्दीत मागे बसून डोळे मिटून एक व्रत घेतलं. स्वतःसाठी घेण्यासारखं तिच्याकडे काही उरलंच नव्हतं, म्हणून मांजरीच्या वतीने घेतलं. आजपासून हिला हिंसेचा त्याग. घरी येऊन तिने गिरणीचं दार लावलं, खिडक्यांना जाळ्या ठोकून घेतल्या आणि मांजरीचं नाव शांती ठेवलं.

शांतीला दूध, तुपातला कुस्करलेला फुलका, मऊ खिचडी, पापडाचा तुकडा. सूर्य मावळल्यावर तिलाही काही नाही. पहिले पंधरा दिवस तिने जाळ्या ओरबाडल्या, दाराखाली पंजे घातले, आणि असं काही ओरडली की शेजारच्यांना वाटलं घरात बाळंतपण आहे. मग हळूहळू गप्प झाली. गिरणीत उंदरांनी राज्य मांडलं. बाबूजी रोज पिंजरे लावत, सकाळी भरलेले पिंजरे सायकलला बांधून मेहरूण तलावापलीकडे नेऊन सोडत. त्या बाजूलाही एक डाळगिरणी होती आणि तिचे मालकही आमच्यातलेच. ते त्यांचे उंदीर कुठे नेऊन सोडतात याची चौकशी बाबूजींनी केली नाही, आणि आपल्या पिंजऱ्यातले काही चेहरे ओळखीचे वाटतात असं मी एकदा म्हटलं तेव्हा मला गणिताचा अभ्यास करायला पाठवलं.

वर्ष गेलं. शांतीने उड्या मारणं सोडलं. भुआजी म्हणाली, चंचलपणा गेला. ती तासन् तास भिंतीकडे तोंड करून बसायला लागली. भुआजी सकाळी मांडी घालून सामायिकाला, म्हणजे ध्यानाला बसायची तेव्हा ही शेजारी, तशीच निश्चल. आई म्हणाली, बघा, ही पण सामायिक करते. चालताना पाय उचलून उचलून टाकायची आणि मिशा भिंतीला लावून जायची, तर कुणी पाहुणी म्हणाली, मुंगीसुद्धा चिरडू नये म्हणून जपून चालते बिचारी. आणि डोळे! मांजराच्या बाहुल्या उजेडात रेघेसारख्या बारीक होतात. शांतीच्या भर दुपारीही गोल, काळ्याभोर, डोळाभर पसरलेल्या असायच्या आणि आतून हिरवट चमकायच्या. ते तेज. त्याबद्दल कुणाचं दुमत नव्हतं. मीसुद्धा मैत्रिणींना दाखवायला घरी आणलं होतं, हे कबूल केलेलं बरं. मी नववीत होते, विज्ञानात पहिली यायची, आणि डोळ्याची आकृती मला नावांसकट काढता येत होती.

दुसऱ्या वर्षी ते चांगलंच गाजायला लागलं. भुसावळहून, चाळीसगावहून आलेले पाहुणे आमच्याकडे जेवायला कमी आणि शांतीला बघायला जास्त यायचे. भुआजी तिला मांडीवर घेऊन बसायची आणि बायका वाकून नमस्कार करायच्या. मांडी भुआजीची असल्यामुळे नमस्काराचा अर्धा वाटा तिलाही मिळायचा. तो तिला आवडायचा. इतकी वर्षं लग्नाकार्यात तिला मागच्या रांगेत बसवत, हळदीकुंकवाच्या वेळी ती आपणहून स्वयंपाकघरात जायची. आता ताराबाई, आमच्या महिला मंडळाच्या अध्यक्षा, ज्यांच्या येण्याने आईला घाम फुटायचा, त्या स्वतः येऊन भुआजीला जवळ बसवून घेत. भुआजी मोठ्याने हसलेली मी पहिल्यांदा त्याच दिवसांत ऐकली.

पर्युषण तोंडावर आलं तेव्हा ताराबाईंनी जाहीर केलं की शेवटच्या दिवसानंतर, पारण्याच्या सकाळी, तप करणाऱ्यांचा सत्कार होतो त्यात या वेळी शांतीला आणि भुआजीला शाल द्यायची. भुआजीने त्या आनंदात पुन्हा अठाई धरली. आणि ताराबाई चार जणींना घेऊन खात्री करायलाही आल्या, कारण त्या सगळ्याची खात्री करून घेत. बाबूजींच्या पिंजऱ्यातला एक जिवंत उंदीर पिंजऱ्यासकट शांतीच्या पुढ्यात ठेवला. सगळ्या श्वास रोखून बघताहेत. शांतीचे कान पुढे झाले. ती थोडी वाकली. मग तिने उजवा पंजा वर उचलला आणि पिंजऱ्याच्या हातभर डावीकडे, रिकाम्या फरशीवर, हलकेच टेकवला. "आशीर्वाद दिला," ताराबाई म्हणाल्या, आणि त्यांच्या डोळ्यांना पाणी आलं. माझ्याही आलं.

पर्युषणात गिरणी बंद असली तरी झाडलोटीला येणारी वेणूअक्का तेव्हा दारात पाणी प्यायला आली होती. गिरणीत डाळ पाखडणारी ही बाई, पन्नाशीची, भोयांच्या वस्तीतली, म्हणजे मेहरूण तलावातली मासळी विकणाऱ्यांच्या शेजारची. बायका गेल्यावर तिने मला बोटाने जवळ बोलावलं.

"पोरी, तुमनी मांजर आंधयी शे."

मी म्हटलं, आंधळी? काहीतरीच काय.

"काहीतरी काय? तिना डोया दख. दिनना उजेडमा बठ्ठा काया. तिनी आशीर्वाद नही दिन्हा वं माय, तिनी पंजा मारा. नेम चुकना तिना." आणि तांब्या पालथा घालून वर म्हणाली, "इतला शिकेल लोक तुम्ही!"

ती गेली आणि मी शांतीपुढे बसून माझा हात तिच्या डोळ्यांपुढे हलवला. पापणी लवली नाही. डोळ्यांत बोट घालतेय असं केलं, तरी नाही. मला घाबरायला झालं, पण त्याहून जास्त लाज वाटली. आजही त्या आकृतीला मला पैकीच्या पैकी गुण मिळाले होते हे आठवलं की वाटते.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या नावाखाली मी शांतीला पिशवीत घातलं, पिशवीचं तोंड सैल बांधलं, आणि सायकलवरून सरकारी जनावरांच्या दवाखान्यात नेलं. आवारात बैल बांधलेले, एका म्हशीची आरडाओरड. डॉक्टर नुकतेच शिकून आलेले, कोपरापर्यंत शेण. मांजर बघून त्यांना आनंद झाला. बहुधा मांजरीचं त्यांनी पुस्तकातच वाचलं होतं आणि ते वाया गेलं असं त्यांना वाटत होतं. त्यांनी बॅटरीचा झोत डोळ्यात मारला. बाहुली तसूभरही लहान झाली नाही. छातीला नळी लावून बराच वेळ ऐकलं.

"काय खाते ही?"

मी अभिमानाने सगळं सांगितलं. दूध, तूप, खिचडी.

"आणि मांस-मासळी?"

"आम्ही जैन आहोत, डॉक्टरसाहेब."

"तुम्ही आहात. ही कधी झाली?"

मग त्यांनी हात धुतले आणि नीट समजावून सांगितलं. कुत्रं माणसाच्या ताटातलं खाऊन निभावून नेतं, मांजराला ते जमत नाही. मांसात एक असं द्रव्य असतं की ते मिळालं नाही तर मांजराच्या डोळ्यांचा पडदा मरतो आणि पुढे हृदय ढिलं पडतं. दुधात ते जवळजवळ नसतंच. उंदीर मारून खात होती तोवर ठीक होतं. "आपल्याकडे हा रोग दिसत नाही," ते म्हणाले, "कारण मांजरं चोऱ्या करतात. तुम्ही हिला चोरीसुद्धा करू दिली नाही. डोळे गेले, ते काही आता येत नाहीत. हृदय अजून हातात आहे. रोज मासा द्या, आजपासून. नाही दिलात तर दिवाळी बघणार नाही."

मी परत आले तेव्हा भुआजी अठाईच्या सहाव्या दिवसावर होती, भिंतीला धरून चालत होती, आणि आल्या आल्या तिने विचारलं की शालीचा रंग कुठला असेल. खरं सांगावं तर तिचं हसू जात होतं, आणि न सांगावं तर मांजर जात होती. चौदा वर्षांच्या मुलीने अशा वेळी जे करायचं ते मी केलं. म्हणजे लपवाछपवी.

वेणूअक्काने मला उकडलेल्या माशाचे चार तुकडे केळीच्या पानात बांधून दिले. ते मी माझ्या कंपासपेटीत घातले. कर्कटक, गुण्या, कोनमापक दप्तरात मोकळे टाकले आणि पर्युषणाच्या सातव्या दिवशी, ज्या घरात त्या आठवड्यात कोथिंबिरीची काडीसुद्धा चिरली गेली नव्हती, त्या घरात मी मासा घेऊन गेले. न्हाणीघराचं दार लावलं, शांतीला खाली ठेवलं आणि पेटी उघडली.

ती आधी थरथरली. मग नाक पुढे, मग सगळं अंगच पुढे. आणि खाता खाता तिच्या घशातून एक आवाज यायला लागला, खोल, घरघरणारा, दात विचकलेला. दोन वर्षांत मी तो ऐकला नव्हता. वाघीचा आवाज. मी हाताने तिचं तोंड दाबायला गेले तर तिने मला ओरबाडलं. गिरणी त्या आठ दिवसांत बंद असायची, घरात टाचणी पडली तरी ऐकू यावी अशी शांतता होती.

दार उघडलं. भुआजी उंबऱ्यात, चौकटीला धरून.

"काय आहे ते?"

"मासा," मी म्हटलं. तो शब्द आमच्या घरात त्या आधी कुणी उच्चारलाही नसेल.

मला वाटलं ती किंचाळेल किंवा पडेल. पडेलच असं जास्त वाटलं. तिने विचारलं, कुणी सांगितलं? आणि मी सगळं एका दमात ओकून टाकलं, वेणूअक्का, डॉक्टर, डोळ्यांचा पडदा, हृदय, दिवाळी. भुआजी फरशीवर बसली. हात पुढे केला, तर शांती तिच्यावरही गुरगुरली. मग तिने कोपऱ्यातली स्टीलची थाळी उचलली, वरच्या झरोक्यातून येणाऱ्या उन्हात तिरपी धरली आणि त्याचा कवडसा मांजरीच्या डोळ्यांवर पाडला. एकदा, दोनदा. आळीतल्या कुत्र्यांना तपासायची तसंच. मग थाळी खाली ठेवली.

"कुत्र्याचं दिसलं असतं गं मला," ती म्हणाली. "हिचं का नाही दिसलं? मला वाटलं हिचं मन शांत झालंय."

मी रडत होते. ती नव्हती. म्हणाली, "धुळ्याहून आले ना मी, तेव्हा वर्षभर मधल्या खोलीत त्या भिंतीकडे तोंड करून बसायची. लोक म्हणायचे, केवढी स्थिर आहे पोरगी. मला उठायची ताकद नव्हती. एवढंच होतं ते."

"मग सांगितलं का नाही कुणाला?"

"सगळे चांगलं म्हणत होते. इतकं चांगलं मला कधी कुणी म्हणालं नव्हतं."

बाहेर आईची पावलं वाजली. काय गं, कसला वास येतोय? भुआजी जागची न हलता मोठ्याने म्हणाली, "काही नाही, तू जा." आणि मला हळूच, "होऊ दे तिचं खाऊन." मांजर शेवटचा तुकडा संपवून पंजा चाटेपर्यंत माझी भुआजी, सात दिवसांची उपाशी, त्या दाराला पाठ लावून बसली होती.

मांजरीचं पुढे काय झालं ते आधीच सांगून टाकते, म्हणजे कुणी जीव टांगून वाचायला नको. ती आणखी तीन वर्षं जगली. डोळे आले नाहीत. वेणूअक्का रोज मागच्या पायरीवर मासा टाकायची, आणि भुआजी त्या वेळी नेमकी पुढच्या ओट्यावर जाऊन बसायची. गिरणीचं दार उघडलं गेलं आणि नाव परत वाघी झालं. ती दिवसभर पोत्यांवर बसून राही. एकही उंदीर तिने पुन्हा मारला नाही, पण उंदीर कमी झाले. ती आंधळी आहे हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

पारण्याच्या सकाळी स्थानक गच्च भरलं होतं. तप करणाऱ्या बायका पुढच्या रांगेत, मुंडावळ्या बांधलेल्या नवरीइतक्या अवघडलेल्या, समोर पाटावर महासतीजी. ताराबाईंनी भुआजीचं नाव घेतलं आणि इकडेतिकडे बघितलं, मांजर कुठे आहे? भुआजी उठली. मांजर नाही आणली, ती म्हणाली. ती तपस्वी नाही, आजारी आहे, आंधळी झालीय. मी तिच्या नावाने व्रत घेतलं आणि तिला उपाशी ठेवलं. परवापासून ती मासा खातेय आणि तो मी खाऊ दिला. पाप माझं आहे. क्षमापनेचा दिवस आहे तर तिची क्षमा मागायला हवी, पण ती तर घरी झोपलीय, म्हणून तुमच्यासमोर मागते.

तिचा आवाज बारीक होता, पण शेवटच्या रांगेपर्यंत पोचला. मासा या शब्दाला सगळ्या सभेने एकदम पदर नाकाला लावला. महासतीजी एवढंच म्हणाल्या की व्रत ज्याचं त्याने घ्यायचं असतं, आणि तेही शक्ती असेल तेवढं. त्या पुढे आणखी काही म्हणणार होत्या, पण ताराबाईंना राहवलं नाही. त्या गहिवरल्या होत्या. "बघा," त्या म्हणाल्या, "केवढी नम्रता! भर सभेत आपली चूक सांगायला केवढं बळ लागतं! खरी तपस्वी तर हीच." आणि बायकांनी माना डोलावल्या. शाल मांजरीची होती, ती आता पूर्ण भुआजीच्या खांद्यावर आली. ताराबाईंनी तिथेच ठरवूनही टाकलं: याचं प्रायश्चित्त म्हणून येत्या चैत्रापासून भुआजी वर्षीतप करेल. म्हणजे वर्षभर एक दिवस जेवण, एक दिवस उपास. पारण्याला मोठा सोहळा करू, बाहेरगावच्या संघांना बोलावू. "जोडा हात," त्या म्हणाल्या. "महासतीजी, हिला व्रत द्या."

भुआजीचे हात जोडलेलेच होते. मला तिचा चेहरा दिसत होता. तेच तेज, डोळ्यांखाली काळं. मला वाटलं, ही आता हो म्हणणार. सगळे चांगलं म्हणत होते.

"नाही," ती म्हणाली. "मला भूक लागते."

कुणाला नीट कळलं नाही. ताराबाई हसल्या. अहो, भूक तर सगळ्यांनाच.

"मला लागते," भुआजी म्हणाली. "अठरा वर्षं झाली. रोज लागते."

महासतीजींच्या तोंडावर मुहपत्ती होती, त्यामुळे त्या हसल्या की काय ते कळायला मार्ग नव्हता. पण त्यांनी हात वर केला तो व्रत देण्यासाठी नव्हे, जा म्हणण्यासाठी. भुआजीने शाल खांद्यावरून काढली, घडी घालून पाटाच्या कडेला ठेवली आणि माझा हात धरला. तिचा हात गार होता आणि तिने माझी बोटं दुखतील इतकी घट्ट धरली होती.

घरी आई पारण्याचं पथ्याचं मुगाचं पाणी करून वाट बघत होती. भुआजी ते प्यायली आणि तिने वाटी बाजूला सारली. म्हणाली, फुलका दे. आईने तव्यावरचा उतरवला, तूप लावलं, ताटात टाकला. आठ दिवसांच्या उपासानंतर लगेच असं खाऊ नये हे आम्हाला तिघींनाही माहीत होतं. ती सावकाश चावत होती, मान खाली घालून. तो संपल्यावर तिने ताट पुढे केलं, आणि आईने दुसरा वाढला.